मढ्याची वाट, एकटीने: मार्डेल ते शॅप

आई फोनवर म्हणाली, "मढी न्यायचे त्या वाटेनं? आणि एकटी? दुसरी वाट नाही का गं तिकडे?"

वाटा ढीगभर आहेत. उत्तर इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये तर डोंगर कमी आणि पायवाटा जास्त असं वाटावं. पण हॉजवॉटर तलावाच्या काठावरून उठून, माळ ओलांडून शॅप गावाकडे उतरणारी वाट नकाशावर 'ओल्ड कॉर्प्स रोड' या नावाने आजही छापलेली असते. हे नाव वाचल्यावर मला राहवलं नाही. आतापर्यंत दोनदा ती एकटीने चाललेय. पहिल्यांदा चुकले, दुसऱ्यांदा नीट गेले. जे कळलं ते क्रमाने सांगते, म्हणजे तुमची पहिली खेप माझ्या दुसऱ्या खेपेसारखी होईल.

आधी वाट समजून घ्या

मार्डेल ही तेव्हाच्या वेस्टमोरलंड परगण्यातली, आताच्या कम्ब्रियातली, डोंगरात खोल शिरलेली दरी. हॉजवॉटर तलाव हिच्यातच आहे. तिथे लहानसं चर्च होतं, पण प्रेत पुरायचा अधिकार त्याला नव्हता. तो शॅपच्या मुख्य चर्चकडे. दफनाची दक्षिणा मुख्य चर्चला मिळायची आणि ती सोडायला सहसा कोणी तयार नसायचं, म्हणून इंग्लंडभर लांबलांबच्या वस्त्या आपली मढी डोंगर ओलांडून मुख्य गावी नेत. मार्डेलमध्ये प्रेत घोड्याच्या पाठीवर बांधायचे आणि सुमारे 500 मीटर उंचीचा माळ ओलांडून स्विंडेल नावाच्या पुढच्या दरीत उतरायचे. तिथून शॅप. शेवटचं प्रेत 1736 साली गेलं, जॉन होम नावाच्या माणसाचं. पुढे मार्डेलच्या चर्चच्याच आवारात पुरायला लागले.

त्या काळात प्रेताला लोकरीचंच कफन घालायची इंग्लंडमध्ये कायद्याने सक्ती होती. देशातला लोकरीचा धंदा चालावा म्हणून 1666 नंतर केलेले कायदे होते ते. म्हणजे जूनमधल्या पावसात लोकरीत गुंडाळलेलं, घोड्यावर दोरांनी आवळलेलं, दर वळणाला एका बाजूला कलणारं ओझं. हे चित्र डोक्यात ठेवा. चढावर ते उपयोगी पडतं, कसं ते पुढे सांगते.

पहिलीच वेळ असेल आणि आधी सोपं काही हवं असेल, तर ग्रासमिअर ते रायडल ही अशीच जुनी वाट आहे. एका बाजूने 5 किलोमीटरही नाही, झाडांच्या सावलीतून जाणारी. तिच्यावर शवपेटी टेकवायचा सपाट दगड अजून आहे. आपल्याकडे विसाव्याला तिरडी खाली ठेवतात, खांदेकरी बदलतात, तसाच तो दगड. मी त्याला विसावाच म्हणते. ती वाट चालून बरं वाटलं की मग मार्डेलला या.

दिशा: मार्डेलकडून शॅपकडे

बरेच लोक स्विंडेलकडून चढून तलावाकडे उतरतात, कारण शेवटी पाणी समोर येतं आणि फोटो छान निघतात. मला ते पटत नाही. ही वाट एकाच दिशेने वापरण्यासाठी घडली. भरलेला घोडा मार्डेलकडून वर यायचा आणि परतताना मोकळा असायचा. वाटेची वळणं, थांबायच्या जागा, कुठे ओढ्यापासून दूर सरायचं, हे सगळं त्या भरलेल्या फेरीच्या हिशोबाने आहे. उलटं चाललात तर हा फक्त एक उतार आहे.

व्यवहाराचं कारणही आहे. खडी चढण सुरुवातीलाच संपते. अवघड भाग, म्हणजे वरचा ओला माळ, पाय ताजे असताना होतो. संध्याकाळी उरतात त्या दगडी भिंतींमधल्या गल्ल्या, शेतं आणि डांबरी रस्ता. एकट्या माणसाने दिवसाची आखणी नेहमी अशीच करावी, धोक्याचं आधी.

दिवस कोणता धरायचा

मी एप्रिलअखेर ते जूनचा मध्य सुचवेन. तोवर ब्रॅकन नावाचं नेचं कमरेपर्यंत वाढलेलं नसतं आणि उजेड भरपूर असतो. जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो. डिसेंबरमध्ये चार वाजायच्या आतच. जुलै-ऑगस्टमध्ये नेचं माजतं आणि त्यात गोचिड्या असतात. संध्याकाळी गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली, केसांच्या कडेला बोटं फिरवून बघा. गोचिडी सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल गोल चट्टा पसरताना दिसला तर डॉक्टर गाठा. लाइम नावाचा आजार असू शकतो.

हवामान बघताना शहराचा अंदाज बघू नका. मेट ऑफिस, म्हणजे इथलं हवामान खातं, डोंगरांसाठी वेगळा अंदाज देतं, तसाच माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचाही रोज येतो. त्यात तीन गोष्टी बघा: ढगांची खालची पातळी, माथ्यावरचा वारा आणि 'तिथे प्रत्यक्षात किती गार वाटेल' तो आकडा. ढग 500 मीटरच्या खाली उतरणार असतील तर एकट्याने जाऊ नका. पाऊस चालेल. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक करणाऱ्यांना पावसाची भीती नसतेच आणि तिथेच आपला घात होतो. आपला पाऊस कोमट असतो. इथला जूनमधला पाऊसही आडवा येतो, गार असतो आणि दोन तासांत बोटांना झिपची चेन ओढता येत नाही.

वेळेचा हिशोब

तलावाकाठच्या सुरुवातीपासून शॅपच्या चर्चपर्यंत साधारण 11-12 किलोमीटर धरा. मोठी चढण एकच, अडीचशे मीटरच्या थोडी वर. इथले लोक नेस्मिथचा नियम वापरतात, 1892 सालचा: दर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे सुमारे अडीच तास चालण्याचे आणि अर्धा तास चढणीचा. तीन तास झाले.

या तीन तासांवर विसंबू नका. नेस्मिथसाहेबांच्या हिशोबात चिखल नाही, चहा नाही आणि नकाशा उलटा धरून उभं राहणं नाही. मी पाच तास धरते आणि मावळतीच्या तीन तास आधी शॅपला पोहोचेन अशा बेताने निघते.

जायचं कसं

रेल्वेने पेनरिथ. लंडन-ग्लासगो मुख्य मार्गावर आहे, त्यामुळे गाड्यांना तोटा नाही. शॅपचं स्वतःचं स्टेशन 1968 साली बंद झालं. पेनरिथहून शॅपला बस असते पण फेऱ्या मोजक्या, रविवार तर गृहीतच धरू नका. परतीची बस आधी ठरवा, मग बाकीचा दिवस मागे मोजत या.

मार्डेलच्या टोकाला जाण्यासाठी पेनरिथहून टॅक्सी हाच खात्रीचा उपाय. आदल्या दिवशी ठरवून ठेवा आणि चालकाला 'हॉजवॉटरच्या पूर्व काठाचा रस्ता, अगदी शेवटाच्या आधी' असं सांगा. सगळे ट्रेकर शेवटच्या वाहनतळावर उतरतात. आपल्याला त्याच्या दीडेक किलोमीटर अलीकडे उतरायचंय, जिथे रोवनट्रीथ्वेट नावाचा ओढा रस्त्याखालून तलावात जातो. तिथे दिशादर्शक पाटी आहे.

स्वतःची गाडी असेल तर ती शॅपला ठेवून टॅक्सीने मार्डेलला जा. उलट करू नका. दमलेल्या पायांनी टॅक्सीची वाट बघण्यात काही मजा नाही, आणि तलावाच्या टोकाला फोनला रेंज मिळेलच असं नाही.

पाठीवर काय

यादी मोठी करत नाही. खरंच लागतं तेवढंच.

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेचा 1:25,000 चा कागदी नकाशा, वरच्या भागासाठी ओएल 5 क्रमांकाचा, प्लास्टिकच्या पाकिटात. त्यावर लांब हिरव्या तुटक रेघा म्हणजे घोड्याला परवानगी असलेली वाट आणि आखूड तुटक रेघा म्हणजे फक्त पायी. आपली वाट लांब रेघांची आहे. होकायंत्र, आणि ते वापरता येणारं डोकं. फोनवर नकाशा उतरवून घ्या, पण फोन पिशवीत कोरडा ठेवा. ओल्या बोटांना ओला पडदा दाद देत नाही.

घोट्याच्या वर येणारे बूट आणि गेटर्स, म्हणजे बुटावरून पोटरीला बांधायची वेष्टणं. पाणी न शिरणारं जाकीट आणि तशीच वरून घालायची विजार. एक जादा लोकरी थर. हेडलॅम्प, जूनमध्येही. शिट्टी. नारिंगी रंगाची जाड प्लास्टिकची पिशवी मिळते, माणूस आत मावेल एवढी. ती घ्याच. पाय मुरगळून चार तास बसावं लागलं तर तीच तुमचं घर. चालण्याची काठी एक तरी हवी, दलदलीची खोली मोजायला.

खाणं तुमच्या आवडीचं, पण हातमोजे न काढता खाता येईल असं. मी गुळाची चिक्की आणि मेथीचे थेपले नेते. थर्मासमध्ये आल्याचा चहा. ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसतं, पण वरच्या बाजूला मेंढ्या चरत असतात आणि कधी मेलेलीही असते एखादी. पाणी घरूनच न्या.

निघण्यापूर्वी कोणाला तरी सांगा

एकट्याने जायचं तर ही पायरी टाळता येत नाही. माणूस एकच, पण नेमका धरा. त्याला चार गोष्टी लिहून पाठवा: कुठून निघणार, कोणत्या वाटेने, किती वाजता शॅपहून फोन करणार, आणि फोन आला नाही तर किती वाजता मदत बोलवायची. चौथी गोष्ट लोक विसरतात. मग समोरचा माणूस 'अजून अर्धा तास बघू' करत रात्र करतो. माझ्या बहिणीला मी वेळ आकड्यात देते: आठला फोन नाही आला तर साडेआठला 999, म्हणजे इथला आणीबाणीचा नंबर.

तुम्हालाच मदत हवी असेल तर 999 लावा, आधी पोलीस मागा आणि मग त्यांच्याकडे माउंटन रेस्क्यू मागा. पथकं स्वयंसेवकांची असतात, पैसे घेत नाहीत. आवाजाचा फोन लागत नसेल पण संदेश जाऊ शकत असेल, तर 999 ला मजकुरानेही कळवता येतं. मात्र त्यासाठी आधी घरी बसून 'register' हा शब्द 999 वर पाठवून नोंदणी करावी लागते. आजच करून टाका. शिट्टीची खूण: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं.

पहिला टप्पा: पाणी पाठीशी ठेवून चढ

पाटीपाशी उतरल्यावर लगेच चढू नका. पाच मिनिटं तलावाकडे तोंड करून उभ्या राहा. समोर झाडांनी भरलेली एक सोंड पाण्यात शिरलेली दिसेल, तिला द रिग म्हणतात. शेजारी वुड हाऊ हे लहानसं बेट. त्याच्या आसपास, पाण्याखाली, मार्डेल ग्रीन गाव आहे.

मँचेस्टर शहराला पाणी हवं होतं. 1919 साली संसदेने कायदा करून परवानगी दिली, 1929 ला काम सुरू झालं आणि पाण्याची पातळी 29 मीटरने वर आली. गावातली घरं, डन बुल नावाची खाणावळ, चर्च, सगळं गेलं. चर्चमधली शेवटची प्रार्थना ऑगस्ट 1935 मध्ये झाली. ज्या सुमाराला वेस्टमोरलंडची ही दरी कागदावर बुडाली, त्याच सुमाराला मुळशीत धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहत होता. कोरड्या वर्षी पाणी उतरलं की मार्डेलच्या भिंती आणि पूल वर येतात, गोव्यातलं कुर्डी दर उन्हाळ्यात साळावलीच्या पाण्यातून वर येतं तसं. फरक इतकाच की कुर्डीचे लोक त्या दिवसांत देवळात उत्सवाला परत येतात. मार्डेलला बघे येतात. तुम्ही गेलात आणि भिंती उघड्या असल्या तर काठावरूनच बघा. वाळलेल्या पापुद्र्याखालचा गाळ मांडीपर्यंत ओढतो.

आता चढ. वाट ओढ्याच्या कडेने नागमोडी वर जाते. ही वळणं नीट बघा. एकट्या माणसाला इतक्या रुंद वळणांची गरज नाही आणि तुमचे पाय आपोआप मधला तिरका तुकडा शोधतील. तो घेऊ नका. एक तर त्याने जमीन झिजते. दुसरं, मघाशी डोक्यात ठेवलेलं ओझं आता बाहेर काढायचंय. लांबट भार आडवा बांधलेला घोडा तीव्र कोनात वळू शकत नाही, म्हणून वळण रुंद. वळणाच्या बाहेरच्या अंगाला जमीन जराशी सपाट केलेली आहे, जनावराला दम खायला. मी प्रत्येक सपाटीवर वीस श्वास थांबले आणि संपूर्ण चढ न धापता चढले. घोड्याच्या वेगाने चढण, एवढंच तंत्र.

ओढ्याचं नाव रोवन झाडावरून आलंय. तांबड्या फळांच्या घोसांचं हे झाड भुताखेतांना आणि चेटक्यांना अडवतं अशी इकडची जुनी समजूत. मढ्याच्या वाटेला हेच नाव कसं लाभलं याचा मी उगाच विचार करत बसले होते. बहुधा निव्वळ योगायोग असेल. थ्वेट म्हणजे झाडं तोडून मोकळी केलेली जागा, बेक म्हणजे ओढा, गिल म्हणजे घळ, फेल म्हणजे डोंगर: हे सगळे शब्द नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांनी आणलेले. एवढे चार पाठ केले की निम्मा नकाशा वाचता येतो.

खडी चढण जिथे मोडते तिथे दगडी खोपटांचे पडके अवशेष आहेत. चहा इथे प्यायचा. पुढे आडोसा नाही. मागे वळून बघितलंत तर तलावापलीकडे किड्स्टी पाइक आणि हाय स्ट्रीटची लांब धार दिसते. त्या धारेवरून रोमन लोकांचा रस्ता जायचा, म्हणून डोंगराचं नाव 'स्ट्रीट'. खालच्या रिगिनडेल दरीत इंग्लंडमधला शेवटचा सोनेरी गरुड राहायचा. 2015 नंतर तो दिसलेला नाही.

दुसरा टप्पा: माळ

सगळी मेख इथे आहे. चढ संपला की वाटही जवळजवळ संपते. पुढे गवताळ, फुगीर, ओला माळ, ज्यावर सगळ्या दिशा सारख्याच दिसतात. मधूनमधून लाकडी खांब रोवलेले आहेत. काही झुकलेत आणि ओले झाले की मागच्या गवतात मिसळून जातात.

माझा नियम साधा आहे: पुढचा खांब दिसेपर्यंत हातातला खांब सोडायचा नाही. शब्दशः हातातला. पहिल्या खेपेला मी हे केलं नव्हतं. मळलेली वाट दिसली म्हणून तिच्यामागे गेले. ती मेंढ्यांची निघाली. मेंढ्यांना शॅपला जायचं नव्हतं. दहा मिनिटांत ढग उतरला, आणि मी उजवीकडे सेलसाइड पाइक या डोंगराच्या उताराला लागले होते हे मला चढ जाणवायला लागल्यावर कळलं. त्याच गडबडीत डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पाय ओढला तर बूट आत राहू बघत होता. मी खाली बसले, दोन्ही हातांनी बुटाची वरची कड धरली आणि टाच आधी हलवून, पचक असा आवाज होईतो हळूहळू सोडवला. मोज्यात काळा, गार चिखलच चिखल. मग ढग थोडा विरळ होईपर्यंत वीस मिनिटं तिथेच थेपला खात थांबले. ज्या बाजूने आले होते त्याच बाजूला होकायंत्रावर चालत शेवटच्या खांबापाशी परत आले. नशीब हे, की शेवटचा खांब कुठल्या दिशेला होता ते आठवत होतं.

तेव्हा क्रम असा ठेवा. खोपटांपाशी, नजर साफ असतानाच, नकाशावरून होकायंत्राचा कोन काढून घ्या. वाट ढोबळ मानाने पूर्वेला, किंचित उत्तरेकडे झुकून जाते. खांबाला हात लावून उभ्या राहा, पुढचा शोधा, त्याच्या मागचं काहीतरी ओळखीचं धरा, मग चाला. पुढचा दिसत नसेल तर कोनावर पन्नास पावलं मोजत जा. तरी नाही दिसला तर त्याच पन्नास पावलांनी परत. तिसऱ्या प्रयत्नालाही नाही, तर माघार घ्या आणि तलावाकडे उतरा. खाली रस्ता आहे, माणसं आहेत. माघारीची लाज वाटायला तिथे बघणारं कोणी नसतं. एकट्याने जाण्याचा हा मोठाच फायदा.

आणि घसरण कोणत्या बाजूला होतेय ते ओळखा. उजवीकडे जमीन सतत चढत असेल तर तुम्ही सेलसाइडच्या अंगाला गेलात. वाट त्या माथ्याला आपल्या उजव्या हाताला ठेवून जाते.

जमिनीचा रंगही वाचता येतो. पोपटी, मखमली, पाऊल टाकावंसं वाटणारी हिरवळ म्हणजे स्फॅग्नम शेवाळ, त्याखाली पाणी. कापसाचे पांढरे गोंडे डुलताना दिसले की तिथे पाणथळ पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर. टोकदार लव्हाळ्यांचे झुपके ओले असतात पण मुळांनी घट्ट असतात, त्यांच्या बुडावर पाय टिकतो. हेदर हे तपकिरी झुडूप सगळ्यात भरवशाचं. शंका आली की आधी काठी, मग पाय.

या माळाबद्दल आणि इतर मढ्याच्या वाटांबद्दल बिथरलेल्या घोड्यांच्या गोष्टी सांगतात. घोडा धुक्यात उधळला, पाठीवर प्रेत तसंच, आणि दिवसच्या दिवस डोंगरात भटकत राहिला. दिवा घेऊन चालणाऱ्या सावल्यांच्याही गोष्टी आहेत. मला भूत दिसलं नाही. पण पाय चिखलात असताना घोड्याची गोष्ट अजिबात खोटी वाटली नाही.

वेळ आणि हवा दोन्ही साथीला असतील तर माथ्यावरून सेलसाइड पाइक (655 मीटर), पुढे ब्रॅनस्ट्री (713 मीटर), आणि गेट्सकार्थ खिंडीतून मार्डेलला परत असा वळसा घेता येतो. ट्रेक म्हणून उत्तम आहे, पण मग ती मढ्याची वाट उरत नाही.

तिसरा टप्पा: स्विंडेल

माळाची कड आली की स्विंडेल एकदम पायाखाली उघडतं. उजव्या हाताला दरीच्या माथ्याशी हॉबग्रंबल गिल ही घळ पांढरी रेघ ओढल्यासारखी कोसळताना दिसते. पावसानंतर गेलात तर तिचा आवाज आधी येतो. उतार सोपा आहे, मात्र गवत ओलं असेल तर गुडघे जरा वाकवून, छोटी पावलं टाका. बहुतेक पडणी उतारावर, अवघड भाग संपला असं वाटल्यावर होतात.

खाली स्विंडेल हेड हे शेतघर. फाटकं जशी मिळाली तशी ठेवायची: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. इथून अरुंद डांबरी रस्ता दरीतून खाली जातो. त्याच्या कडेचा ओढा बघा, झकास वळणं घेतो. ही वळणं 2016 सालची आहेत. पूर्वी कधीतरी शेतीसाठी ओढा सरळ कालव्यासारखा केला होता. तलावाचं पाणी सांभाळणारी कंपनी आणि पक्षी संरक्षणाची संस्था यांनी मिळून तो पुन्हा वाकडा केला. काही महिन्यांत सामन मासे अंडी घालायला तिथे आले. मला हा दोन किलोमीटरचा भाग कंटाळवाणा होईल असं वाटलं होतं, पण पुलाच्या कठड्यावर बसून पाण्यात बघण्यातच अर्धा तास गेला.

चौथा टप्पा: टेलबर्ट, केल्ड

ट्रस गॅपपाशी रस्ता सोडून ओढा ओलांडायचा आणि पलीकडच्या उताराने टेलबर्ट शेतघराकडे चढायचं. चढ छोटाच, पण दिवसाच्या या वेळी तो अन्याय वाटतो. पाऊस खूप झाला असेल तर ओढ्यातून चालत जायचा मोह नको, रस्त्याने दरीच्या तोंडापर्यंत जाऊन लांबचा फेरा घ्या.

पुढे कुरणं. मेंढ्या बाजूला होतात, पण वासरं बरोबर असलेल्या गायींपासून लांब राहा. त्यांच्या आणि वासरांच्या मधून कधीच जाऊ नका. कुंपणालगत, शांतपणे, न पळता.

केल्ड या चार घरांच्या वस्तीत दगडी भिंतींचं इवलंसं चॅपेल आहे, सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचं, आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे. वाट वाकडी करून एखाद किलोमीटरवर शॅप ॲबीचा उंच मनोराही बघता येतो. मठ 1540 मध्ये बंद झाला, बाकी पडझड, मनोरा मात्र उभा. पाय शिल्लक असतील तर जा. माझे नव्हते.

शेवटी: शॅप

शॅप हे एका लांब रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं साधं गाव. बूट चिखलाने भरलेले असतील तर दुकानात शिरण्यापूर्वी गवतावर पुसा. घरी फोन करा, हेच पहिलं काम. बसची वेळ पुन्हा तपासा. मग सेंट मायकल चर्चकडे जा.

चर्चच्या आवारात उभं राहायला कोणाची परवानगी लागत नाही. थडग्यांवर बसू नका, पिशवी टेकवू नका, कोणी आपल्या माणसाला भेटायला आलं असेल तर कॅमेरा खाली ठेवा. आईने बजावलं होतं म्हणून मी घरी आल्यावर आधी अंघोळ केली. पण तिथे निघताना हात आपोआप जोडले गेले, ते काही तिने सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र शॅपला पोहोचेपर्यंत माझ्या लक्षातच आली नव्हती. आपलं स्वतःचं दफनस्थान मिळाल्यावर मार्डेलच्या लोकांनी ही वाट सोडली, आणि पुढची दोनशे वर्षं आपली माणसं आपल्याच दरीत ठेवली. मग धरण आलं. पाणी चढायच्या आधी 1935 मध्ये चर्चच्या आवारातली 97 प्रेतं उकरून काढली आणि त्यातली बहुतेक पुन्हा पुरली ती शॅपला.